सुई द्यायची की सोडून द्यायचे? आजारी मुक्या जिवाचा शेवट आणि आपले पहिले शील

२०२५ च्या ऑगस्टपासून कुत्रा हा देशातल्या वादाचा विषय झाला. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो आदेश बदलला. नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी परत सोडावीत, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे सांगितले गेले. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हटवण्याचे आणि ती पुन्हा तिथे न सोडण्याचे निर्देश आले. अमरावती आणि अकोल्याच्या व्हॉट्सॲप गटांतही लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, आधी माणसांची लेकरे वाचवा. दुसरा म्हणतो, मुक्या जिवाला कुठे न्यायचे?

या भांडणात एक प्रश्न कुणी विचारत नाही. जे जनावर घरातले आहे, वस्तीने वाढवलेले आहे आणि आता आजाराने मरायला टेकले आहे, त्याचे काय करायचे? ते ठरवायचे कुणी? आणि त्याचा खर्च कुणी भरायचा?

वस्तीत काम करताना हा प्रश्न दोन आवाजांत ऐकू येतो. घरातला तरुण म्हणतो, "त्याले सुई देऊन टाका आता, पाहवत नाही." आजी म्हणते, "मारू नोका रे, पाप लागते." दोघांच्याही बोलण्यात माया आहे. पण बहुतेक वेळा या दोघांचेही चालत नाही. सुईला पैसे नसतात, उपचारालाही नसतात. मग एका रात्री ते जनावर नाल्याच्या पलीकडे, बायपासच्या कडेला किंवा बाजार समितीच्या मागे सोडले जाते. घरी सांगितले जाते की ते निघून गेले.

म्हणून "मारावे की न मारावे" एवढाच वाद घालून भागणार नाही. आपल्याकडे आजारी जनावराचा शेवट बहुधा मारून होत नाही आणि सेवा करूनही होत नाही. तो सोडून देऊन होतो. पहिले शील घेणाऱ्या समाजाने विचार करायचा तो या तिसऱ्या मार्गाचा.

इच्छा कुणाची, गरज कुणाची?

वर्तमानपत्रे अशा बातमीत कधी "दयामरण" लिहितात, कधी "इच्छामरण". दुसरा शब्द जनावराला लागू होत नाही. कुत्रा किंवा मांजर मरणाची इच्छा सांगू शकत नाही. इच्छा असते ती मालकाची. म्हणून पहिला प्रामाणिक प्रश्न असा की आपल्याला संपवायचे आहे ते कुणाचे दुःख? जनावराचे, की ते पाहण्याचे आपले?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेवर लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. मारण्याची इच्छा ही एक आणि मारण्याची गरज ही दुसरी. जिथे केवळ इच्छा आहे तिथे बुद्धाचा स्पष्ट नकार आहे. त्याच चर्चेत ते तत्त्व आणि नियम यांतला फरक सांगतात. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करून वागण्याची मोकळीक देते. बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. तिथला संदर्भ आजारी पाळीव जनावराचा नाही. पण ही कसोटी आपल्या कामाची आहे, कारण तिच्यामुळे आंधळा होकार देता येत नाही आणि आंधळा नकारही देता येत नाही.

जनावर बरे होणार नाही, वेदना थांबवता येत नाहीत, ते खात-पीत नाही, उठत नाही, अशी स्थिती पशुवैद्यकाने तपासून सांगितली असेल तर तिथे गरज असू शकते. जनावर म्हातारे झाले, घाण करते, घर बदलायचे आहे, भाडेकरूला कुत्रा चालत नाही, औषध महाग आहे, ही सारी आपली इच्छा किंवा आपली अडचण झाली. तिला दया म्हणू नये.

शील काय मागते

काही मित्र म्हणतात की हेतू करुणेचा असेल तर प्राणहानी होतच नाही. हे म्हणणे सोपे आहे, पण परंपरेशी प्रामाणिक नाही. थेरवादी अट्ठकथांनी प्राणघाताची पाच अंगे सांगितली आहेत: समोर जिवंत प्राणी असणे, तो जिवंत आहे हे माहीत असणे, मारण्याचे चित्त असणे, तसा प्रयत्न करणे आणि त्याने मरण येणे. शेवटच्या इंजेक्शनात ही पाचही अंगे आहेत. विनयात तर आजारी भिक्खूवर करुणा येऊन त्याच्यापुढे मरणाचे गुणगान करणाऱ्या भिक्खूंचा दाखला आहे. तो माणसाच्या बाबतीतला गंभीर अपराध ठरला. जनावराला मारणे हा भिक्खूसाठी त्याहून हलका, पण अपराधच मानला गेला.

तेव्हा "पाणातिपाता वेरमणी" म्हणणाऱ्या उपासकाने दयामरणाला गोड नाव देऊन शील पाळल्याचा आव आणू नये. तसा निर्णय घ्यावाच लागला तर तो जड मनाने, जबाबदारी स्वीकारून घ्यावा.

पण शीलाची दुसरी बाजूही तितकीच ठाम आहे. महावग्गात जुलाबाने आजारी पडून स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूची कथा आहे. इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. कुणी त्याला मारले नव्हते. पण तथागत तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून नीट झोपवले आणि मग संघाला आजाऱ्याच्या सेवेची शिकवण दिली. न मारणे एवढ्याने शील पूर्ण होत नाही, ही या कथेची शिकवण आहे. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या चिकित्सेबरोबर जनावरांच्या चिकित्सेची व्यवस्था कोरलेली आहे, तीही याच वाटेवरची. करुणा ही भावना आहेच, पण अशोकाने तिला राज्याच्या खर्चात जागा दिली.

थायलंडमध्ये विहारांच्या आवारात नको झालेली कुत्री आणून सोडली जातात. सोडणाऱ्याला वाटते, आपण मारले नाही. पुढचा भार भिक्खूंवर आणि तिथे दान देणाऱ्यांवर पडतो. आपल्या वस्त्यांतही तेच होते, फक्त विहाराऐवजी नाला असतो.

आजार असाध्य आहे, की खिसा रिकामा आहे?

वऱ्हाडात "आता काही उपयोग नाही" असे म्हणून ज्या जनावरांवर पाणी सोडले जाते, त्यातली बरीच बरी होऊ शकणारी असतात. कुत्र्याच्या जखमेत किडे पडले की लोकांना ते मरणाचे लक्षण वाटते. प्रत्यक्षात जखम साफ करून, किडे काढून, औषध लावून आणि काही दिवस पट्टी बदलून बहुतेक कुत्री उभी राहतात. कुत्र्यांच्या जननेंद्रियावर येणारी रक्ताळलेली गाठ हा संसर्गाने पसरणारा कर्करोग आहे. नाव ऐकूनच घरचे हात टेकतात. पण आठवड्याला एक याप्रमाणे काही इंजेक्शने दिली तर तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

पिल्लांना रक्ताचे जुलाब आणि उलट्या होतात तो पार्व्हो. त्यावर थेट औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारी औषधे आणि सतत निगा यांवर पिल्लू तग धरते. खासगी दवाखान्यात पाच-सहा दिवस सलाईन लावायचे म्हणजे रोजमजुरी करणाऱ्या घराचा आठवड्याचा बाजार जातो. त्याउलट दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस दिली, पुढचे डोस पाळले आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस दिली, तर ही वेळच सहसा येत नाही. अनेक घरांत "सुई देऊन टाका" ही शेवटची सुई मागितली जाते, कारण पहिली सुई कधी दिलेलीच नसते.

दुसरीकडे खरोखर असाध्य अवस्थाही आहेत. अपघातात पाठीचा कणा तुटणे, मूत्रपिंडे निकामी होणे, शरीरभर पसरलेला कर्करोग, मेंदूवर गेलेला डिस्टेंपर. तिथे जगवत ठेवणे ही कधी कधी आपल्याच समाधानाची सोय असते. म्हणून निर्णय तपासणीनंतर व्हावा. अकोल्यात महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. खासगी डॉक्टरने हात टेकले तरी दुसरे मत घेता येते. शेतीच्या जनावरांसाठी १९६२ या क्रमांकावर फिरते पथक बोलावता येते.

दयामरण द्यायचेच ठरले तर त्याचीही रीत आहे. आधी भूल द्यायची, जनावर पूर्ण बेशुद्ध झाल्यावरच शेवटचे औषध शिरेतून द्यायचे. भूल न देता हृदय थांबवणारे औषध टोचणे, विष घालणे किंवा डोक्यात घाव घालणे याला दयामरण म्हणता येत नाही. आणि रेबीजचा संशय असेल तर घरी सेवा करण्याचे धाडस करू नये. जनावराला वेगळे कोंडावे, पशुवैद्यकाला कळवावे. कुणाला चावा किंवा ओरखडा बसला असेल तर जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्यात धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

लंपीचा धडा

खर्च वाटून घेतला की लोक कसे वागतात हे वऱ्हाडाने २०२२ मध्ये पाहिले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लंपी त्वचारोग राज्यात पसरला आणि अकोला, बुलडाणा, अमरावती हे जिल्हे त्याच्या तडाख्यात सापडले. गुरांचे बाजार बंद झाले. सरकारने शेळ्यांच्या देवीची लस गुरांना मोफत टोचली, उपचाराचा भार उचलला आणि मेलेल्या जनावरासाठी मदत जाहीर केली: दुधाळ जनावराला ३०,००० रुपये, ओढकाम करणाऱ्याला २५,००० आणि वासराला १६,०००. व्यवस्थेत त्रुटी होत्या, पण दिशा बरोबर होती. रोग आला तो एका घरावर, खर्च उचलला सगळ्यांनी.

याच राज्यात उलटा अनुभवही आहे. ४ मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. म्हाताऱ्या, अधू बैलाच्या वैरणीचा खर्च मात्र शेतकऱ्याच्याच माथी राहिला. ३० सप्टेंबर २०२४ ला देशी गाईला राज्यमाता घोषित करताना गोशाळांना देशी गाईमागे रोज ५० रुपये अनुदान ठरले. ते गोशाळांसाठी आहे. गोठ्यात म्हातारा बैल सांभाळणाऱ्या अल्पभूधारकाला त्यातले काही मिळत नाही. मारू नका असे सांगायचे आणि जगवण्याचा खर्च गरिबावर ढकलायचा, हे धोरण शेवटी जनावराला रस्त्यावरच आणते.

कायद्याची बाजू

घरच्या आजारी कुत्र्या-मांजराच्या दयामरणासाठी वेगळा कायदा नाही. प्रत्यक्षात मालक आणि पशुवैद्यक मिळून ठरवतात. पण प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. आजारी किंवा अपंग जनावराला सबळ कारणाशिवाय रस्त्यावर मरू देणे हाही मालकाचा गुन्हा आहे. शिक्षा मात्र हसू यावे अशी: पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. जनावराला मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी २०२३ चे जन्मनियंत्रण नियम आहेत. असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी कुत्र्यालाच, स्थानिक देखरेख समितीने नेमलेल्या पथकाच्या निदानानंतर, पात्र पशुवैद्यकाकडून वेदनारहित मरण देता येते. म्हणजे हा निर्णय नगरसेवकाने किंवा चिडलेल्या सोसायटीने घ्यायचा नाही. आपल्या महापालिकेत ही समिती आहे का, ती कधी बसते, तिच्या नोंदी कुठे आहेत, हे माहिती अधिकारात विचारता येते.

सोडून दिलेल्याचा भार कुणावर?

१९२८ साली गांधींनी साबरमती आश्रमातल्या, असह्य वेदनेत तळमळणाऱ्या आणि वाचण्याची आशा संपलेल्या एका वासराला इंजेक्शन देववून मारले. त्यावर संतापाची पत्रे आली, मोठा वाद झाला. त्या निर्णयात तथ्य होते असे मानता येईल. पण त्याच्या आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ ला, चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या माणसांवर महाडमध्ये लाठ्या चालल्या होत्या, हा क्रम आपण विसरू नये. या देशात जनावराच्या मरणाची चर्चा जातीला बाजूला ठेवून कधी झालेली नाही.

कारण जनावर कुणाच्याही दारात मरो, ते ओढायचे कुणी हे जातीने ठरवून दिलेले होते. आपल्या आज्या-पणज्यांनी ते काम केले. बाबासाहेबांनी ते सोडायला लावले, तेव्हा हाडे-कातडे गेल्याने अस्पृश्यांचे किती नुकसान होते याचा हिशेब मांडणारे लोक पुढे आले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्या हिशेबाचा समाचार घेतला. प्रश्न पैशांचा नव्हता, माणुसकीचा होता. ११ जुलै २०१६ ला गुजरातमधील उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. त्या कुटुंबाने २०१८ मध्ये बुद्ध धम्म स्वीकारला.

हे इथे का सांगायचे? आज आपण एखादे आजारी कुत्रे रात्री नाल्याकडे सोडून येतो, तेव्हा दोन दिवसांनी त्याचे कलेवर उचलणारा कोण असतो? महापालिकेचा किंवा ठेकेदाराचा सफाई कामगार. त्याच्या हातात पुष्कळदा धड मोजे नसतात. जे ओझे आपल्या पूर्वजांनी खांद्यावरून फेकून दिले, तेच आपण दुसऱ्या गरिबाच्या खांद्यावर ठेवतो. सोडून देणे फुकट वाटते, कारण त्याची किंमत दुसरा कुणी भरतो.

घरातही एक उतरंड असते. आजारी जनावराची घाण काढते ती घरातली बाई, औषध पाजते ती मुलगी. सुई द्यायची की नाही हे मात्र घरातले पुरुष ठरवतात. अरुणा शानबाग प्रकरणात ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाची मागणी फेटाळली, तेव्हा वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएम रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांच्या मताला वजन दिले. माणसाचा प्रश्न आणि जनावराचा प्रश्न एक नाही. पण ज्याने सेवा केली त्याला आधी विचारावे, हा न्याय घरातही लागू व्हावा.

युवकांनी काय करावे

पहिले, प्रतिबंध. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तयारीसाठी वस्त्यांत बैठका सुरू असतात तो हाच काळ. त्याच बैठकीत वस्तीतल्या कुत्र्या-मांजरांची यादी करावी, सरकारी दवाखान्याला पत्र द्यावे आणि विहाराच्या आवारात लसीकरणाचे शिबिर मागावे.

दुसरे, खर्च. विहाराच्या दानपेटीशेजारी एक छोटी उपचारपेटी ठेवावी. दरमहा घरटी दहा-वीस रुपये जमले तरी पट्ट्या, सलाईन आणि अकोल्यापर्यंतच्या भाड्याची सोय होते. हिशेब फलकावर लिहावा. पैशाअभावी कुठल्याही जनावराला शेवटची सुई दिली जाणार नाही, एवढा एक ठराव वस्तीने करावा.

तिसरे, निर्णय. तीन प्रश्न विचारल्याशिवाय दयामरण नाही. पशुवैद्यकाने तपासून असाध्य म्हटले आहे का? वेदना कमी करण्याचे उपाय करून पाहिले का? सेवा करणाऱ्याचे मत घेतले का? तिन्ही उत्तरे होय असतील तर भूल देऊन, घरच्या माणसाच्या मांडीवर, ओळखीच्या आवाजात त्याला जाऊ द्यावे. मग खोल खड्डा करून स्वतःच्या हाताने पुरावे. एखादे उत्तर नाही असेल तर सुईची घाई करू नये.

चौथे, हक्क. महापालिकेकडे देखरेख समितीच्या नोंदी, आजारी जनावरांसाठी जागा आणि कलेवर उचलणाऱ्या कामगारांना हातमोजे व रेबीजची लस मागावी. ही मागणी सफाई कामगारांच्या संघटनेला सोबत घेऊन करावी.

गरज आणि इच्छा यांतला फरक दर वेळी स्वच्छ दिसेलच असे नाही. भन्तेंशी बोलावे, डॉक्टरांशी बोलावे, घरात बोलावे. दोन समंजस माणसे वेगवेगळ्या निर्णयावर येतील आणि दोघांनाही रात्री झोप लागणार नाही, असेही होईल. पण जनावराला अंधारात सोडून येऊन "आम्ही मारले नाही" असे म्हणणाऱ्याला पंचशीलाचा आधार घेता येणार नाही.